दगड गेला, नारळ ठेवला

पोलिसाच्या आठवणी म्हटलं की लोकांना रक्त हवं असतं, निदान एखादा दरोडा तरी. तेही माझ्याकडे आहेत. पण घरचे आणि जुने सहकारी मला जी केस पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, तिच्यात रक्तही नाही आणि दरोडाही नाही. तिच्यात एक नारळ आहे. मुद्देमाल म्हणून माझ्या हाती त्या नारळाची फक्त करवंटी लागली, कारण खोबरं खुद्द फिर्यादीनं खाल्लं होतं.

पन्नासच्या दशकातली पहिली वर्षं. मी नुकताच फौजदार झालो होतो आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. आज पिंपरी-चिंचवड म्हटलं की कारखाने डोळ्यांपुढे येतात. तेव्हा पिंपरीला एक लहानसं स्टेशन, आजूबाजूला ज्वारीची शेतं, पहिल्यावहिल्या कारखान्यांचे खणलेले पाये आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी, एवढंच होतं. छावणीत लांबच लांब बराकी होत्या. लोक बराकींच्या पुढे पक्के ओटे बांधून घेत होते. त्यासाठी इंद्रायणीपलीकडच्या, चाकणकडच्या गावांतून विटांच्या बैलगाड्या यायच्या. या बैलगाड्या लक्षात ठेवा, त्या वेळी मी ठेवल्या नाहीत.

एका सकाळी छावणीतले एक गृहस्थ ठाण्यात आले. पासष्टीच्या आसपासचे, उंच, काठीसारखे सडपातळ, डोक्यावर काळी टोपी. हातात खरोखरीची काठीही होती आणि तिच्या टोकाला तारेनं गुंडाळून एक चुंबक बांधलेला होता. छावणीत सगळे त्यांना साईं म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

“लिखो साब,” ते आमच्या हवालदाराला म्हणाले, “पत्थर चोरी.”

हवालदारानं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. “दगड?”

“पत्थर नाही. लोहा. आसमान से गिरा हुआ लोहा.”

हवालदार कामाला चोख. वीस वर्षं फिर्यादी लिहिण्यात गेलेली. त्यानं गंभीरपणे विचारलं, “पडला तेव्हा कुणाच्या हद्दीत पडला?”

मला हसू आवरेना, म्हणून मी उठून खिडकीशी गेलो. मागं वळून पाहिलं तर साईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं हसू तिथंच विरलं. स्टेशन डायरीत नोंद केली, टोपी चढवली आणि पंचनाम्याला निघालो.

बराकीतली ती खोली मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. एक खाट, एक पेटी, एक चूल आणि भिंतीला खोक्याच्या फळ्यांचं शेल्फ. शेल्फावर सहा काळे दगड ओळीनं मांडलेले, लिंबाएवढ्यापासून ते मोठ्या रताळ्याएवढे. सातवा सगळ्यात मोठा. तो ओट्यावर दाराशी असायचा आणि तोच गेला होता.

सिंधमध्ये साईं कालव्यांच्या खात्यात मोजणीदार होते. उंटावर बसून महिनोन्‌महिने वाळवंटात हिंडायचं, साखळी टाकायची, खुंट्या ठोकायच्या. “साब, तिथं कोसच्या कोस नुसती वाळू,” ते सांगायला लागले. “दगड नावाला नाही. मग वाळूवर काळं काही दिसलं, तर ते काय असणार? एक तर उंटाची लीद. नाही तर तारा.” म्हणून काठीला चुंबक. उंटावरून न उतरता काठी लावून बघायची. चिकटली तर उतरायचं. “नव्व्याण्णव वेळा लीद,” असं म्हणून ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

त्यांनी एकेक दगड माझ्या हातात दिला. मी लिंबाएवढा घेतला आणि हात खाली गेला, एवढा जड. पृष्ठभागावर खळगे होते, ओल्या कणकेत अंगठे दाबावेत तसे. आकाशातून पडताना आगीनं केलेले, असं ते म्हणाले. मग त्यांनी पेटीतून रुमालात बांधलेला एक काप काढला. एका लहान दगडाचा तुकडा घासून, गुळगुळीत करून, तेजाबानं धुतला होता. आत चांदीसारखं लोखंड होतं आणि त्यावर एकमेकींना छेदत जाणाऱ्या सरळ रेघा, नवारीच्या खाटेची वीण असते तशा. “हे कुणी कोरलं नाही साब. आकाशात थंड होता होता आपोआप झालं. लाखो वर्षं लागली.” पंच म्हणून आणलेले दोघे शेजारी रोज येता-जाता हे दगड बघत होते, पण तेही तोंड उघडं टाकून ऐकत बसले. मी त्या दिवशी छावणीत अर्ध्या तासाचं काम करायला गेलो होतो आणि अडीच तास बसलो. खरं सांगतो, नोकरीत इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

“आणि गेला तो?” मी विचारलं.

“तो माझ्या घरामागच्या टेकाडावर सापडला. पक्का मणभर वजन, आकार छोट्या कळशीएवढा.” ते थांबले. “माझं गाव आता परदेश झालं, साब. तिथल्या वाळूचा एक कण माझ्याकडे नाही. बाकीचे सहा इकडचे तिकडचे. घरचा तेवढा एकच होता.”

चुलीपाशी त्यांची बायको बसली होती. सगळे तिला अम्मा म्हणत. बुटकी आणि जिभेला फार धार. ती आमच्याकडे पाठ करूनच बोलली, “हां हां, पत्थर के लिए रोते हैं. मेरे ताँबे के बर्तन वहीं छूट गये, उनके लिए कोई नहीं रोया! लोग घर से सोना लाए, ये पत्थर लाए.”

“ही रोज असंच म्हणते,” साईं ओशाळून म्हणाले.

आता नारळाचं सांगतो. आदल्या दिवशी दुपारी साईं चष्म्यासाठी पुण्याला गेले होते आणि अम्मा आत झोपली होती. ती उठून बाहेर आली तेव्हा दगड नव्हता. दगडाच्या जागी कुंकू लावलेला नारळ होता आणि वर दोन फुलं. अम्माला वाटलं, कुणीतरी प्रसाद ठेवून गेलं. तिनं नारळ फोडला, साखर घालून मिठाई केली. साईं संध्याकाळी आले, त्यांनी दोन तुकडे खाल्ले, फार छान झालीय म्हणाले आणि मग विचारलं, “माझा दगड कुठाय?”

मी करवंटी जप्त केली. शेजारच्यांनी जादूटोण्याची शंका काढली होती, हवालदाराला तर ती पटलीही होती. अम्माचा जबाब घ्यावा असं माझ्या मनात आलं, तेव्हा हवालदार म्हणाला, “साहेब, बाई झोपली होती. झोपलेल्या माणसाचा काय जबाब घ्यायचा?” मला पटलं. ही माझी चूक नंबर एक.

चूक नंबर दोन त्याच दिवशी झाली. नाक्यावरच्या चहावाल्यानं आपण होऊन सांगितलं की काल दुपारी विटांची एक रिकामी बैलगाडी परत जाताना दिसली, आणि तिच्यामागून एक तरणाताठा गडी खांद्यावर काहीतरी जड घेऊन, घामानं निथळत चालत होता. मी त्याला म्हटलं, “अरे, गाडी रिकामी असताना कोण खांद्यावर ओझं वाहील? चोर तर मुळीच नाही.” आणि तो विषय सोडून दिला. लोक खुळ्यासारखं वागताना दिसले तर समजावं की आपल्याला त्यांचा नियम माहीत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

चार दिवस गेले. भंगारवाल्यांकडे चौकशी झाली, खबऱ्यांना कामाला लावलं, काही हाती येईना. साईं रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत, विचारत काहीच नसत. तिसऱ्या दिवशी त्यांच्यामागून अम्मा आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “खाना नहीं खाते. कुछ करो बेटा.” शिव्या देणारी बाई मऊ बोलायला लागली की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलंय.

पाचव्या दिवशी आमच्या एका शिपायानं आजारपणाचा रिपोर्ट दिला. हा शिपाई म्हणजे ठाण्याचा पैलवान. छाती अशी की सदऱ्याची बटणं महिन्याला बदलावी लागत. तो आला तो कमरेतून वाकलेला, एक हात भिंतीला.

“काय झालं?”

“सायकलवरून पडलो साहेब.”

मी बाहेर जाऊन सायकल पाहिली. हँडल सरळ, घंटी जागेवर, कुठं ओरखडा नाही. आत आलो. “कुठल्या अंगावर पडलास?”

“उजव्या.”

“खरचटलं कुठं?”

त्यानं सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या.

“पडलास कुठं? रस्त्यात की शेतात?”

“रस्त्यात. म्हंजे... शेताच्या रस्त्यात.”

आयुष्यात मी मोठमोठ्या बदमाशांच्या उलटतपासण्या केल्या, पण आपल्याच शिपायाची घेताना जी मजा आली तिला तोड नाही. मी खुर्ची पुढं ओढली. “पैलवान, माझ्याकडं बघ. पैज हरलास का?”

पैलवान कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मग भडाभडा बोलायला लागला. चाकणकडं, महाळुंग्याच्या अलीकडं एका गावात त्याची बहीण दिली होती. काल सुट्टीत तो तिच्याकडे गेला होता. गावच्या तालमीत नवीन गोटी आली होती. “साहेब, गोटी म्हंजे उचलायचा दगड. आपल्या दगडी गोट्या केवढ्या मोठ्या असत्यात! ही एवढीशी, कळशीएवढी. मी म्हनलं, ही तर माझी भाची उचलंल. एक हात घातला आन् कमरेत अशी लचक भरली, की मेहुण्यानं पाटावर घालून घरी नेला. तुम्हाला सांगू कसं? खात्याची अब्रू गेली असती.”

मी सावकाश विचारलं, “गोटी काळी? वर खळगे?”

“व्हय साहेब. लोखंडागत.”

“आणि अरे मूर्खा, आपल्या ठाण्यात लोखंडी दगडाची चोरी नोंदली आहे, हे तुला माहीत नाही?”

“चोरीचा म्हायती हाय. पर ही चोरीची न्हाई साहेब. ही नारळ ठेवून आनलीय.”

मी उभाच राहिलो.

मग त्यानं तालमीची रीत सांगितली. दुसऱ्या ठिकाणची गोटी एका हातानं उचलून खांद्यावर घेतली, की ती उचलणाऱ्याची झाली. मात्र ती आपल्या वेशीपर्यंत खांद्यावरूनच न्यायची. गाडीत घातली तर हक्क गेला. आणि जागा रिकामी सोडायची नाही, कुंकू लावलेला नारळ ठेवून, पाया पडून निघायचं. म्हणजे ती रिकामी गाडी आणि मागून घामाघूम चालणारा गडी! चहावाल्याची मनातल्या मनात क्षमा मागितली.

“पर साहेब,” शिपाई म्हणाला, “आज गावची यात्रा. ती गोटी कुनालाच धरवंना, म्हनून आज सकाळी मी निघालो तवाच वस्तादांनी ती लोहाराकडं भोक पाडून कडी बसवायला दिलीय.”

लाखो वर्षं आकाशात थंड झालेल्या त्या विणीत लोहार आता छिन्नी घालणार होता.

गाव शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत होतं. तिकडं रीतसर कळवलं, साईंना निरोप धाडला आणि कारखान्याच्या कामावरचा एक मालट्रक मोशीकडं निघाला होता तो अडवला. साईं धावतच आले. मागून ओढणी सावरत अम्मा.

“तुम्ही कशाला अम्मा? तिथं तालीम आहे, गर्दी आहे.”

“नारियल किसने खाया? मैंने. गवाह मैं हूँ,” असं म्हणत ती ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढलीसुद्धा. कायद्यानं तिचं बरोबर होतं. शिपायाला मात्र तिघांनी उचलून वर घालावं लागलं.

गावात शिरलो तर हलगी कडाडत होती. आखाड्याची लाल माती शिंपून ठेवली होती, माणसांची ही रीघ. आखाड्याशेजारी मांडवात यात्रेची बक्षिसं मांडली होती: फेटे, हातात घालायची चांदीची कडी आणि मधोमध गोटी उचलणाऱ्यासाठी ठेवलेला तांब्याचा भला थोरला हंडा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. अम्माची नजर त्याच्यावरून हलेना. मी साईंना घेऊन लोहाराच्या भट्टीकडं पळालो.

लोहार भट्टीसमोर हताश बसला होता. पुढ्यात तीन मोडक्या छिन्न्या, आणि त्यांच्यामध्ये आपले दगडमहाराज स्वस्थ विराजमान.

“साहेब, तीन छिन्न्या गेल्या,” तो मलाच तक्रार सांगायला लागला. “धा पिढ्या आमी लोखंड ठोकतोय. ह्ये लोखंड न्हाई, काय तरी येगळंच हाय. नुस्ता एक टवका उडालाय.”

साईं मातीत गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दगड सगळ्या बाजूंनी चाचपला. टवका उडालेल्या जागी चांदीसारखी चकाकी दिसत होती. ते लोहाराकडे बघून हसायलाच लागले. “आसमान से गिरा तब नहीं टूटा, तुमसे क्या टूटेगा!” लोहारही हसला. मग त्यानं आपण होऊन विचारलं, ह्ये कुठलं लोखंड, आणि साईंनी त्याला वाळवंट, उंट, चुंबक, तेजाब सगळं सांगितलं. रुमालातला तो काप त्यांनी बरोबर आणला होता. लोहारानं तो उन्हात धरला, बराच वेळ फिरवून बघितला आणि कपाळाला लावला. “आमच्या बापजाद्यांनी बघाया पायजे व्हतं,” एवढंच म्हणाला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि आरोपी स्वतःच चालत आला. पंचविशीचा, विटांच्या गाडीवरचा गडी, मान ताठ.

“दगड तू आणलास?” मी दरडावलं.

“व्हय. म्याच आनला. एका हातानं उचलला, खांद्यावर घेतला, चार-पाच कोस आनला. वाटंत दोनदाच टेकवला, त्यो बी बांधावर, भुईला न्हाई. नारळ ठेवला, फुलं ठेवली. आमी चोर न्हाई साहेब.”

“मालकाला विचारलंस?”

“त्यांनीच तर सांगितलं व्हतं!” त्यानं साईंकडं बोट केलं. “दर खेपंला विटा टाकाया गेलो की ह्ये बाबा खाटंवरनं म्हनायचे, एक हाथ से उठाओ, कंधे पर रखो, तुम्हारा! चार खेपा म्या नुस्तं बघितलं. पाचव्या खेपंला उचलला.”

मी साईंकडं वळलो. त्यांचा चेहरा पार पडला होता. “बोला था साब,” ते हळूच म्हणाले. “डाकवाल्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना बोलतो. गंमत म्हणून.” अम्मा हे रोज आतून ऐकत असणार; तिचा जबाब घेतला असता तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मग त्यांनी दगडावर हात ठेवला, ठेवून काढून घेतला. “फिर तो ये इसका है. जबान दी है.”

“साईं, तुम्ही फिर्याद मागं घेताय?”

“सगळं तिकडं सोडून आलो साब. जबान तर बरोबर आणली आहे.”

आता गडी गडबडला. त्याला वाटलं होतं भांडण होईल. “न्हाई बाबा, तुमचा हाय तर न्या की. मला काय ठावं, तुमी गंमत करता म्हनून.”

“नाही. तू उचलला.”

“आवो, न्या म्हन्तो ना!”

मी दोघांमध्ये उभा. हाती मुद्देमाल होता, पण चोर नव्हता, आणि मालकही कुणी व्हायला तयार नव्हता. हातकड्या घेऊन गेलेल्या फौजदारावर अशी वेळ कुणी आणू नये.

शेवटी वस्तादांना बोलावलं. सत्तरीचे, दोन्ही कान कुस्तीत मुडपलेले, आवाज घोगरा. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, “साहेब, तुमचा कायदा तुमच्यापाशी. हितं तालमीचा नियम. उचलंल त्याची गोटी. त्यो आमी मोडत न्हाई.” साईंनी मान खाली घातली. “पर नियमाचा दुसरा भाग हाय. दोघांनी उचलली, तर ज्यानं जास्त लांब आनली त्याची. आमच्या पोरानं चार-पाच कोस आनली. बाबा, तुमी कुठनं आनली?”

साईंनी सांगितलं. वाळवंटातून उंटावर, पुढं रेल्वेनं, कराचीच्या बंदरात, बोटीनं मुंबईला, तिथून छावणीत.

“उंट, रेल्वे सोडा. मानसानं कुठं उचलली?”

“बंदरात. हमालांनी हात लावला नाही. म्हणाले, एवढं छोटं आणि एवढं जड, आत सोनं आहे, लफड्यात पडू. झडती झाली. मग बोटीपर्यंत, बोटीच्या शिडीवर, आणि मुंबईला उतरून स्टेशनापर्यंत.”

“म्हंजे तुमी उचलली. बोटीवर चढवली. दर्यापार आनली!” वस्तादांनी हात वर केला. गर्दीत हुंकार उठला. “मग गोटी तुमची. झाला न्याय.”

मला वाटलं, सुटलो. पण साईं उभेच राहिले. खोटं त्यांच्यानं बोलवेना.

“मैंने नहीं उठाया,” ते म्हणाले. “माझी कंबर त्या दिवशी गेली होती. मी बंदरावर या दगडाजवळ बसून होतो. रडत होतो, साब. एका माणसाला हातानं नेता येईल तेवढंच सामान बोटीत न्यायला परवानगी होती.” त्यांनी गर्दीपलीकडं, मांडवाजवळ उभ्या असलेल्या बुटक्या बाईकडं बघितलं. “तिच्या डोक्यावर तिच्या भांड्यांचं गाठोडं होतं. लग्नातली भांडी, तांब्याची. तिनं ते गाठोडं तिथं धक्क्यावर ठेवलं. आणि हा दगड डोक्यावर घेतला.”

हलगीवालाही थांबला होता. मी अम्माकडं बघितलं. रोज भांड्यांवरून नवऱ्याला टोचणारी ती बाई. भांडी तिच्याकडून राहून गेली नव्हती. तिनं ती खाली ठेवली होती.

अम्मा मात्र चिडली. “सब के सामने क्या बताते हो!” तिनं ओढणी तोंडावर ओढली. “क्या करती? मर्द रो रहा था. उठा लिया.”

वस्ताद सावकाश चालत मांडवापर्यंत गेले. आयुष्यभर त्यांनी पैलवानांच्या पाठी थोपटल्या असतील, पण त्या बाईसमोर त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. मग वळून आखाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गोटी ह्या माउलीची. आन् गोटीचं बक्षीस बी तिचंच. पोरा, हंडा आन.”

विटांच्या गाडीवरच्या त्या गड्यानंच हंडा उचलला आणि अम्माच्या पुढ्यात ठेवला. गावातल्या दोन बाया पुढं झाल्या, त्यांनी हंड्यात नारळ घातला, तिला कुंकू लावलं. अम्मानं हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं, वाकून आत बघितलं, बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकला. मग तिथंच खाली बसून ढसाढसा रडायला लागली. साईं शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि आजूबाजूला सगळं गाव शिट्ट्या मारत होतं, टोप्या उडवत होतं. शिपाई कंबर विसरून नाचायला गेला आणि पुन्हा पाटावर पडला.

परतीची मिरवणूक मी विसरणं शक्य नाही. विटांच्या गाडीत अम्मा, साईं, हंडा आणि आडवा घातलेला शिपाई. गाडीमागून तो गडी दगड खांद्यावर घेऊन चालत होता. गाडीत ठेव म्हणून मी त्याला तीनदा सांगितलं. “न्हाई साहेब,” तो म्हणाला, “नियम म्हंजे नियम. आनला तसाच पोचवनार.” इंद्रायणीच्या पात्रातून तो कंबरेएवढ्या पाण्यात उतरून गेला, पण दगड ओला होऊ दिला नाही. बराकीच्या दाराशी त्यानं दगड जागेवर ठेवला आणि अम्माच्या पाया पडला. अम्मानं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि साईं त्या दिवशी पाच दिवसांचं एकदम जेवले.

केसचं पुढं काय झालं, असं वाचक विचारतील. अप्रामाणिक हेतूच नव्हता, तर चोरी कसली? गैरसमजुतीचा प्रकार म्हणून केस मिटवणारा ‘सी’ समरीचा अहवाल पाठवला. मुद्देमालाच्या यादीत एक करवंटी होती. वरच्या साहेबांनी अहवालावर लाल शाईनं शेरा मारून परत पाठवला, ‘नारळाच्या उर्वरित भागाचा खुलासा करावा.’ मी खुलासा लिहिला, ‘उर्वरित भाग फिर्यादीने भक्षण केला.’ साहेबांनी कागद मंजूर केला आणि पुढच्या तपासणीला आले तेव्हा खासगीत म्हणाले, “चला, तो दगड दाखवा.” त्यांनीही एका हातानं उचलायचा प्रयत्न केला. त्यांच्या कमरेबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

माझी बदली होईपर्यंत मी त्या ओट्यावर कितीदा तरी गेलो. कापावरच्या रेघा पुन्हा पुन्हा बघितल्या. हंड्यातलं पाणी प्यायलो. साईंची सवय काही गेली नाही, पण बोलणं बदललं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला ते दगड दाखवत, वजन सांगत, आकाशाची गोष्ट सांगत. आणि कुणी विचारलंच, उचलला तर देणार का, तर घाईघाईनं हात जोडत, “मेरा नहीं है भाई. मालकीणबाईंना विचारा.” आतून अम्मा ओरडायची, “कोई नहीं उठाएगा!”

या केसनं मला काय शिकवलं, हे मी पुढं माझ्या हाताखालच्या प्रत्येक अंमलदाराला सांगत आलो. पंचनामा नीट करा, चहावाल्याचं ऐका, हे सगळं आहेच. पण कुणी फिर्याद घेऊन माझ्यासमोर आला, की मी कागद बघायच्या आधी एकच विचारायचो, “घरातल्या बाईंचा जबाब घेतला का?” काही जण म्हणायचे, साहेब, त्या तर झोपल्या होत्या. मी म्हणायचो, जा, उठेपर्यंत थांबा, आणि घेऊन या.